रात्रीच्या कामात ड्रायव्हरचे डोळे दिपू नयेत म्हणून: महामार्गाच्या डायव्हर्जनवर काय करायचं

चौपदरी रस्त्याची एक बाजू बंद करून दोन्हीकडची वाहतूक दुसऱ्या बाजूवर घेतली, की हेडलाइटचा त्रास एकदम का वाढतो ते आधी पाहू. डोळे किती दिपतात हे दिव्याच्या तेजावर जसं ठरतं, तसंच तो दिवा नजरेच्या रेषेपासून किती बाजूला आहे त्यावरही ठरतं. हा कोन निम्मा झाला की त्रास साधारण चौपट होतो. ४.५ मीटरचा दुभाजक मध्ये असताना आतल्या लेनमधल्या समोरासमोरच्या दोन गाड्यांत आडवं अंतर ८ मीटर असतं. ५० मीटरवरून हा कोन ९ अंशांचा भरतो. त्याच गाड्या एका बाजूच्या शेजारशेजारच्या लेनमध्ये आणल्या की आडवं अंतर ३.५ मीटर आणि कोन ४ अंश. दिवे तेच, पण डोळ्यांवरचा भार पाचपट. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणात ही मांडणी जागोजागी वर्षानुवर्षं राहिली, त्यात परशुराम किंवा कशेडी घाटातला पाऊस आणि धुकं. अशा ठिकाणी अँटिग्लेअर स्क्रीन, म्हणजे समोरचा उजेड अडवणारा आडोसा, लावली की काम झालं, असं बरेच जण धरून चालतात. स्क्रीन लागतेच, पण तिचा नंबर तिसरा. पहिला नंबर बॅरिकेडच्या आतल्या आपल्याच दिव्यांचा, दुसरा आपल्या गाड्यांचा.

टॉवर लाइट आणि फोकस

नियम असा: फोकसच्या झोताचा मध्य सरळ खालच्या दिशेपासून ६० अंशांपेक्षा वर उचललेला नसावा. साईटवर कोनमापक घेऊन कोणी फिरत नाही, म्हणून टेप वापरा. ६० अंशांवर झोताचा मध्य खांबाच्या उंचीच्या १.७३ पट अंतरावर जमिनीला लागतो. ९ मीटरच्या मास्टवरून (दिव्याच्या खांबावरून) १५ मीटर, ५ मीटरवरून साडेआठ. झोताचा मध्य त्यापलीकडे पडत असेल तर फोकस खाली वाकवा. ३ मीटरच्या बांबूवर बांधलेल्या हॅलोजनला हेच गणित ५ मीटरची मुभा देतं. सुपरवायझरला उजेड २० मीटरवर हवा असतो, म्हणून तो फोकस आडवा करतो, आणि तो आडवा फोकस येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. इथे खरी अडचण उंचीची असते. वॉट वाढवून ती सुटत नाही, उलट चिघळते.

मास्ट कुठे उभा करायचा? दोन्ही दिशांची वाहतूक शेजारून जात असेल तर दिवा कामाच्या पलीकडून रस्त्याकडे तोंड करून कधीच ठेवू नका. तो रस्त्याच्या बाजूला, पण बॅरियरपासून आत ठेवा आणि पाठ रस्त्याकडे करा. बॅरियरला चिकटवूनही नको. पाणी भरलेले प्लास्टिकचे बॅरियर धडकेत जागचे सरकतात, म्हणून मास्ट आणि बॅरियरच्या मधे बॅरियर सरकण्याइतकी जागा सोडावी लागते. वाहतूक एकाच दिशेची असेल तर झोत वाहतुकीच्या दिशेनेच, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागून पुढे जाईल असा ठेवता येतो. बाजूने गळणारा उजेड काळ्या मॅट रंगाच्या पत्र्याच्या झडपेने अडवा. चकचकीत पत्रा लावला तर तोच नवा दिवा होतो.

किती उजेड हवा, याला अमेरिकेत रात्रीच्या रस्तेकामासाठी तीन पातळ्या वापरतात: साधी ये-जा आणि साफसफाईला ५४ लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक), पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र) आणि रोलरसारख्या यंत्रांभोवती १०८, आणि बारकाईच्या कामाला, म्हणजे भेगा भरणं किंवा इलेक्ट्रिकच्या जोडण्या अशा ठिकाणी, २१६. लक्समीटर जमिनीवर आडवा ठेवून मोजा. मोबाइलमधलं ॲप दोन जागांची तुलना करायला चालतं, नोंदवहीत लिहायला नाही. यापेक्षा जास्त उजेडाने काम वेगाने होत नाही. मात्र शेजारून जाणाऱ्याला आतला भाग लखलखीत आणि स्वतःची लेन काळीकुट्ट दिसते. म्हणून काम संपतं तिथे एकदम अंधार नको. शेवटच्या ५०-६० मीटरमध्ये उजेड टप्प्याटप्प्याने कमी करा.

डांबर टाकण्याच्या कामात पेव्हरवर बलून लाइट लावणं हा सर्वांत साधा उपाय. मोठ्या पांढऱ्या गोळ्यातून पसरलेला उजेड येतो, सावल्या मऊ पडतात आणि टोचणारा बिंदू उरत नाही. जेसीबी आणि पोकलेनवरच्या वर्क लॅम्पना अशी सोय नसते. ते बकेटकडे वळवा, आणि यंत्र रस्त्याकडे तोंड करून उभं राहिलं की बंद करायची सवय ऑपरेटरला लावा. हे फक्त सांगून होत नाही. शिफ्टच्या सुरुवातीला प्रत्येक यंत्राचे दिवे लावून पाहायला १० मिनिटं काढावी लागतात.

डंपर कोणत्या तोंडाने उभा आहे

ही चूक सर्वांत घातक आणि सर्वांत कमी बोलली जाणारी. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून समोरची गाडी नेहमी उजव्या हाताला असते. लो बीमची रचनाही तशीच: झोत उजवीकडे कापलेला आणि डावीकडे थोडा वर उचललेला, म्हणजे समोरच्याला त्रास न होता साईडपट्टी दिसावी. आता डाव्या बंद लेनमध्ये एक डंपर वाहतुकीच्या उलट तोंडाने उभा करा. येणारा ड्रायव्हर त्या डंपरच्या डाव्या हाताला पडतो. म्हणजे बीमचा उचललेला भाग बरोबर त्याच्या डोळ्यांत. डंपरवाल्याने डिपर, म्हणजे लो बीम, दिला तरी उपयोग नाही, कारण इथे डिपरच चुकीच्या बाजूला फेकतो.

दिपण्याहून वाईट पुढेच आहे. अंधारात ड्रायव्हर समोरचे दोन दिवे पाहून रस्त्याचा अंदाज बांधतो: दिवे दिसतात ती समोरच्याची लेन, आपली तिच्या डावीकडे. डंपर डावीकडून उलट्या तोंडाने दिसला की तो आणखी डावीकडे दाबतो, म्हणजे थेट खोदकामात. पाऊस असेल आणि पट्टे दिसत नसतील तर हा अंदाज तो हमखास बांधतो.

म्हणून बंद लेनमधली प्रत्येक गाडी वाहतुकीच्या दिशेनेच शिरेल आणि बाहेर पडेल असा मार्ग आखा. उलट तोंड टाळताच येत नसेल, उदाहरणार्थ डंपर पेव्हरला माल देताना, तर उभं राहताच हेडलाइट बंद आणि फक्त पार्किंग लाइट व पिवळा ब्लिंकर चालू. आत उलट दिशेने फिरणं रोजचंच असेल तर त्या पट्ट्यावर, कामाच्या आणि वाहतुकीच्या मधे, अपारदर्शक स्क्रीन लावा.

गाडीचा बीम तपासायला भिंतीपासून १० मीटरवर सपाट जागी उभी करा. लो बीमची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली पडली पाहिजे. डंपर भरलेला असतानाही पाहा, कारण मागे भार आला की नाक वर जातं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतली कसोटी आणखी सोपी आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळा धरा. डोळे दिपले तर गाडी साईटवर घेऊ नका.

लुकलुकणारे दिवे

एका ठिकाणी दहा ब्लिंकर, दोन ट्रकवरचे स्ट्रोब, एक ॲरो बोर्ड (दिव्यांच्या बाणाने दिशा दाखवणारा फलक) आणि पोलिसांचे निळे-लाल दिवे एकत्र आले की ड्रायव्हरला काम चालू आहे एवढंच कळतं. जायचं कुठून ते कळत नाही. दिशा दाखवणारा दिवा एकच असावा: लेन तिरकी अरुंद होत बंद होते त्या पट्ट्याच्या, म्हणजे टेपरच्या, तोंडावरचा ॲरो बोर्ड. तो रात्री निम्म्या तेजावर आणता आला पाहिजे. विकत घेताना हीच गोष्ट आधी विचारा, कारण स्वस्त बोर्डांत डिमर नसतो आणि दिवसासाठी योग्य असलेलं तेज रात्री आंधळं करतं. बॅरियरच्या मागे उभ्या गाड्यांचे बिकन, म्हणजे टपावरचे लुकलुकते दिवे, बंद ठेवा; वर सांगितलेला उलट तोंडाचा डंपर तेवढा सोडून. टेपरवरचे ब्लिंकर शक्यतो एकामागून एक पेटत जाणारे घ्या. प्रत्येक जण आपल्या तालावर लुकलुकत असेल तर ओळ दिसत नाही, नुसता कल्ला दिसतो.

आता स्क्रीन

दोन दिशांच्या मध्ये जर्सी बॅरियरवर (काँक्रीटच्या बुटक्या भिंतीवर) उभी पाती लावायची तर तीन आकडे ठरवायचे: उंची, रुंदी, अंतर.

उंचीसाठी सर्वांत वाईट जोडी धरा: ट्रक ड्रायव्हरचा डोळा २.३ मीटरवर, समोरच्या ट्रकचा हेडलाइट १ मीटरवर. बॅरियर दोघांच्या मधोमध, म्हणजे नजरेची रेषा त्याला १.६५ मीटरवर ओलांडते. कारच्या ड्रायव्हरचा डोळा आयआरसी (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था) १.२ मीटरवर धरते, त्याला एवढीही उंची लागत नाही. बॅरियर ०.८ मीटरचा असेल तर ०.९ मीटरची पाती पुरतात. सखल भागात मात्र कमी पडतात. २ टक्के उतार आणि लगेच २ टक्के चढ, मधला गोलावा २०० मीटरचा, असं असेल तर दोन टोकांवरच्या गाड्यांमधली रेषा मध्यावर आणखी १ मीटर वरून जाते. तेवढी उंच स्क्रीन वाऱ्यात टिकत नाही. गाड्या १०० मीटरवर आल्या की हाच फरक २५ सेंटिमीटर उरतो. म्हणून सखल भागात ३० सेंटिमीटर जास्त उंचीची पाती लावा आणि तिथेच थांबा.

अंतराचं गणित: पाती रस्त्याला काटकोनात, आणि २० अंशांपर्यंतचा तिरका उजेड अडला पाहिजे. पात्याची रुंदी भागिले ०.३६४. २२ सेंटिमीटरच्या पात्याला ६० सेंटिमीटर, १५ च्या पात्याला ४०. २० अंशांपलीकडून पाहिलं तर मधून आरपार दिसतं, आणि ते हवंच असतं. पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला पलीकडे काय चाललंय ते कळतं. ३ मीटरच्या काँक्रीट तुकड्यावर ६० सेंटिमीटरने ५ पाती बसतात. पहिलं टोकापासून ३० वर घ्या, म्हणजे सांध्यावरचं अंतरही ६० च राहतं. टोकाला चिकटवून सुरुवात केली की मापं सांध्यावर बिघडतात. ३०० मीटर त्रिज्येच्या वळणावर ५ ऐवजी ७ लावा. सरळ अर्ध्या किलोमीटरला ८३४ पाती लागतात. ९०-१०० जादा मागवा, महिन्याभरात तुटलेली बदलावी लागतातच.

मधली पाती गळू देऊ नका, आणि पैसे वाचवायला दोन मीटरवर एक असंही लावू नका. स्क्रीनमागे स्थिर दिवा असेल आणि गाडी ताशी ६० ने जात असेल तर २ मीटरच्या अंतराने उजेड सेकंदाला आठ वेळा लुकलुकतो. बोगद्यातल्या दिव्यांच्या आखणीत सेकंदाला ४ ते ११ वेळांचा पट्टा त्रासदायक म्हणून टाळतात. ६० सेंटिमीटरला हाच आकडा २८ येतो, म्हणजे त्या पट्ट्याच्या बराच बाहेर.

पाती लवचिक प्लास्टिकची घ्या, रंग गडद हिरवा किंवा राखाडी मॅट. प्रत्येक पात्याचा पाय अँकर बोल्टने काँक्रीटला घट्ट हवा. लोखंडी अँगल किंवा बांबू वर बांधू नका. धडकेत तो भाल्यासारखा काचेतून आत येतो. शेडनेटचा मोह सर्वांना होतो, म्हणून हिशेब: ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २४ किलो. २ मीटर लांब आणि ०.९ मीटर उंच जाळीवर, जाळी निम्मा वारा सोडते असं धरलं, तरी २२ किलोचा जोर १.२५ मीटर उंचीवर. उलथवणारा भार २७ किलो-मीटर. रिकामा प्लास्टिकचा बॅरियर ३० किलोचा आणि अर्धा मीटर रुंद असेल, तर तो साडेसात पेलतो. म्हणजे जाळी पहिल्या वळवातच बॅरियरसकट लेनमध्ये आडवी होणार. बॅरियर पाण्याने पूर्ण भरलेले असतील तरच जाळीचा विचार करा, आणि ते भरलेले आहेत का हे दर आठवड्याला लाथ मारून पाहा. उन्हाळ्यात पाणी उडतं, आणि बुचं कोण काढून नेतं ते देवाला माहीत.

स्क्रीन जिथे लावायची नाही

गावाच्या फाट्यावर किंवा यू-टर्नच्या तोंडाशी स्क्रीन दुचाकीवाल्याला लपवते. तिथे दोन्ही बाजूंना थांबण्याच्या अंतराइतकी पाती काढा. आयआरसीच्या कोष्टकात हे अंतर ताशी ४० ला ४५ मीटर, ५० ला ६०, ६० ला ८० मीटर आहे. त्या पट्ट्यात दिपण्याचा त्रास उरणार, तो पत्करा. फाट्यावर वरून खाली पडणारा दिवा लावा आणि वेग ४० वर आणा.

उजव्या वळणावर मधली स्क्रीन वळणाच्या आतल्या बाजूला येते आणि पुढचा रस्ता झाकते. किती जागा लागते, याचं सूत्र: थांबण्याच्या अंतराचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठ पट. ३०० मीटर त्रिज्या आणि ताशी ६० ला ते २.६७ मीटर येतं. लेनच्या मध्यापासून स्क्रीनपर्यंत साधारण २.२५ मीटरच असतात. म्हणजे ६० चालणार नाही. ५० ला गरज दीड मीटरची, ती भागते. वळणाआधी ५० चा फलक लावूनच स्क्रीन उभी करा. डाव्या वळणावर हाच हिशेब कामाच्या बाजूच्या पत्र्यांना लागू होतो.

लोक अप्पर का मारतात

ड्रायव्हरला रस्त्याची कड दिसली नाही की तो अप्पर, म्हणजे हाय बीम, लावतो. सवय खराब असते हे खरं, पण कड दाखवणं आपल्या हातात आहे. बॅरियरवर सरळ रस्त्यात दर ९-१० मीटरला आणि वळणावर दर ३ मीटरला रिफ्लेक्टर लावा, पांढरी कडेची रेषा ठळक आखा, मधल्या रेषेवर कॅट आय (रस्त्यात बसवायचे चमकणारे ठोकळे) बसवा. रिफ्लेक्टरची उंची एकसारखी ठेवा. एक वर, एक खाली लागला तर ओळ तुटते.

जुने पट्टे काळ्या रंगाने झाकणं ही पावसातली सर्वांत महाग काटकसर. ओल्या रस्त्यावर हेडलाइट पडला की काळा रंगही चमकतो, आणि ड्रायव्हरला दोन रस्ते दिसतात: जुना आणि नवा. पट्टे खरवडून किंवा पाण्याच्या दाबाने काढा आणि काढल्यावर ओला रस्ता रात्री एकदा पाहा.

फलकही दिपवतात. चांगल्या प्रतीचा परावर्तक कागद जवळून, अंधाऱ्या भागात, इतका चमकतो की अक्षरं फुगून एकमेकांत मिसळतात. शिवाय त्याचा गुळगुळीत पृष्ठभाग हेडलाइट आरशासारखा परत फेकतो. म्हणून फलक रस्त्याला अगदी काटकोनात नको, ५ अंश बाहेर वळवा. चकाकी येत असेल तर फलक थोडा बाहेर वळवायला आयआरसी:६७ मध्येही सांगितलं आहे. मांडणीचा एकूण क्रम, पूर्वसूचना, टेपर, काम आणि शेवट, हा आयआरसी:एसपी:५५ च्या २०१४ च्या आवृत्तीत सविस्तर दिला आहे. त्याची एक प्रत साईट ऑफिसात असू द्या, कपाटात नव्हे, टेबलावर.

लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टी

गर्डर उचलणं, वेल्डिंग, गॅस कटिंग, पायलिंग: हे बघायला माणूस वेग कमी करतो, आणि मागचा त्याला ठोकतो. हे काम सपाट, अपारदर्शक, मॅट रंगाच्या पत्र्यांनी रस्त्यापासून झाका. उघडा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा हेडलाइट परत फेकतो, म्हणून रंग हवाच. उड्डाणपुलावरच्या वेल्डिंगला खाली पत्रे पुरत नाहीत. वरच, ठिणगी उडते तिथे, आग न धरणारा पडदा बांधा.

इलेक्ट्रॉनिक बोर्डावर दोनच पानं ठेवा, दोन्ही मिळून ८ सेकंदांत संपतील अशी. ताशी ६० ने ८ सेकंदांत गाडी १३३ मीटर जाते, म्हणून बोर्ड निदान तेवढ्यावरून वाचता आला पाहिजे. मराठी मजकुरात ही अडचण मोठी असते. कमी ठिपक्यांच्या बोर्डावर वेलांट्या आणि रफार तुटतात, ‘मार्ग’ वाचताच येत नाही. जोडाक्षरं टाळा: ‘पुढे काम’, ‘वेग ४०’, ‘डावीकडे रहा’. सरकणारा मजकूर नको. ‘आपली गैरसोय होत आहे, क्षमस्व’ हे कंत्राटदाराच्या समाधानासाठी असतं, ते रंगवलेल्या फलकावर लिहा.

गणपतीत कोकणात जाणाऱ्या रस्त्यावर स्वागताच्या कमानी, रोषणाई आणि पुढाऱ्यांचे बॅनर नेमके डायव्हर्जनच्या तोंडाशी लागतात, कारण तिथे गाड्या हळू होतात. ठराविक अंतर कोरं ठेवण्याची लेखी विनंती ग्रामपंचायतीला आणि पोलिसांना महिनाभर आधी द्या. रात्री बॅनर उतरवायला गेलं की भांडणच होतं.

रात्रीची तपासणी

मांडणी झाल्यावर पहिल्या रात्री आणि दिवा, यंत्र किंवा स्क्रीन हलवली की त्या रात्री, दोन्ही दिशांनी गाडी चालवून पाहा. एकदा छोट्या कारमधून आणि एकदा ट्रकच्या केबिनमधून, लो बीमवर, फलकावरच्या वेगाने. शेजारी बसलेल्याने बोलून नोंद करायची: कोणता दिवा टोचला, कुठे रस्ता हरवला, कुठे नजर आत खेचली गेली. फोटोंवर विसंबू नका, कॅमेरा स्वतःच उजेड जुळवून घेतो. फ्लॅगमनकडे मुद्दाम बघा. त्याच्या मागे दिवा असेल तर तो नुसती काळी आकृती दिसतो आणि जॅकेट असून नसल्यासारखं. त्याच्यावर उजेड समोरून, बाजूने आणि वरून पडला पाहिजे.

सगळं जमलं की खडीची धूळ आणि डिझेलचा धूर आपलं काम सुरू करतात. रिफ्लेक्टर आणि फलक आठवड्याला एकदा साबणाच्या पाण्याने धुवा, पावसाळ्यात चिखल उडतो तिथे दोनदा. कोरड्या फडक्याने पुसलं तर कागदावर चरे पडतात. धूळ उडत असेल तर रात्रीच्या पाळीआधी पाणी मारा, पण रस्ता चकाकेल इतकं नाही. आणि काम नसेल त्या रात्री ॲरो बोर्ड बंद करून फलक झाका, नाहीतर काम असेल त्या रात्री त्यांच्याकडे कोणी पाहणार नाही.